दातांशिवायचा चढ

परदेशी सहलींच्या पत्रकात ‘निसर्गरम्य रेल्वेप्रवास’ असे छापलेले असते तेव्हा त्यात रेल्वे नावापुरतीच असते. विकले जाते ते खिडकीबाहेरचे दृश्य. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला उतरणाऱ्या बर्निना रेल्वेच्या बाबतीत मात्र आधी रूळ समजून घ्यावेत आणि मग खिडकीबाहेर पाहावे, असे माझे ठाम मत आहे. या मार्गाचे प्रत्येक वळण, तळ्याच्या काठाने जाणारा प्रत्येक टप्पा एका आकड्याने ठरवला आहे. हजार मीटर अंतराला सत्तर मीटर चढ, त्याहून जास्त नाही, आणि हा चढ दातेरी रुळाच्या आधाराशिवाय चढायचा. हिमनद्या, कमानी, दरीकाठचे थांबे हे सगळे या एका निर्णयामागून आले. तो ध्यानात आला की कोणती गाडी घ्यावी, कुठे उतरावे आणि पैसे कशावर खर्चावेत, याचीही उत्तरे बदलतात.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वित्झर्लंडच्या आग्नेय टोकाला ग्राउब्युंडेन हा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या ऱ्हेटियन रेल्वेचे मीटर गेजचे जाळे १८८९मध्ये लांडक्वार्टपासून सुरू झाले. थुसिसहून सेंट मॉरिट्झकडे जाणारा अल्बुला मार्ग १९०३-०४मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पलीकडचा, सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा ६१ किलोमीटरचा बर्निना मार्ग एका वेगळ्या कंपनीने बांधला आणि जुलै १९१०मध्ये तो पूर्ण खुला झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही कंपनी ऱ्हेटियन रेल्वेत विलीन झाली. २००८मध्ये युनेस्कोने दोन्ही मार्गांना मिळून जागतिक वारसा यादीत स्थान दिले. अल्बुला मार्गावरचा लांडवासर पूल, ६५ मीटर उंच आणि शेवटच्या कमानीतून थेट कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरणारा, छायाचित्रांमुळे जगाच्या ओळखीचा झाला आहे. पण अल्बुलाचा चढ हजाराला पस्तीसच्या पुढे जात नाही. बर्निनाचा बरोबर दुप्पट आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हजाराला सत्तर म्हणजे काय, हे घाट ओळखणाऱ्या मराठी प्रवाशाला वेगळे सांगायला नको. बोरघाटात चढ साधारण सदतिसास एक, म्हणजे हजाराला सत्तावीस आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावावी लागतात. बर्निनाचा चढ त्याच्या अडीच पटींहून जास्त आहे. १९०७मध्ये सुरू झालेली आपली नेरळ-माथेरान गाडी विसास एक, म्हणजे हजाराला पन्नास अशी चढते आणि तिलाही दाते नाहीत. त्यामुळे माथेरानची गाडी ही या रेल्वेची समकालीन आणि जवळची नातलग म्हणावी लागेल. उलट, स्वित्झर्लंडच्या बहुतेक सहलींत जिचा समावेश असतो ती १९१२ची युंगफ्राउ रेल्वे दातेरी आहे. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी, गाडीखाली दातेरी चाक, आणि घसरण्याचा प्रश्नच मिटलेला. बर्निना बांधणाऱ्यांनी ही सोय नाकारली. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर टेकते ती जागा जेमतेम बोटाच्या नखाएवढी असते, आणि २,२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्थानकापर्यंत गाडी चढते ती तेवढ्याशा पकडीवर. आल्प्स पर्वत दात्यांशिवाय ओलांडणारी याहून उंच रेल्वे नाही.

हिशेब सोपा आहे. शंभर टनांची गाडी या चढावर उभी असेल तर सात टनांची ओढ तिला सतत खाली खेचत असते. ती पेलायला मोटारीत ताकद असून भागत नाही. ती रुळापर्यंत चाक न घसरता पोचली पाहिजे. म्हणून गाडीचे वजन जितक्या जास्त आसांवर ‘चालते’ ठेवता येईल तितके बरे. २०१० पासून या मार्गावर धावणाऱ्या ‘अलेग्रा’ जातीच्या लाल गाड्यांच्या अंगावर ‘८/१२’ असा आकडा असतो. त्याचा अर्थ बारापैकी आठ आसांवर मोटारी आहेत. वेगळे इंजिन नाही. पुढचे तीन डबे हेच इंजिन, त्यात प्रवासीही बसतात आणि मागे जुने डबे किंवा मालवाघिणी जोडल्या जातात. अल्बुला मार्गावर ११,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणि बर्निनावर १,००० व्होल्टचा एकदिश प्रवाह, अशी दोन वेगळी विजेची घराणी असूनही अलेग्रा दोन्हीकडे चालते. रुळावर दव, बर्फ किंवा पाला पडला की पकड झपाट्याने कमी होते, तेव्हा चाकापुढे वाळू सोडली जाते. शंभर वर्षांपूर्वीचाच हा उपाय, आजही तोच. उतरताना मोटारी उलट्या भूमिकेत जाऊन ब्रेकचे काम करतात. या कारागिरीचा आपल्याशी असलेला एक धागा सहसा कुणी सांगत नाही. अल्बुला मार्गावर १९२१ पासून धावलेली, ‘मगर’ म्हणून ओळखली जाणारी सांधेदार विद्युत इंजिने विंटरथूरच्या ज्या कारखान्यात घडली, तिथूनच जीआयपी रेल्वेसाठी तशाच घडणीच्या इंजिनांची पहिली खेप १९२८मध्ये आली. कसारा आणि कर्जतच्या घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या या इंजिनांना मुंबईच्या रेल्वे कामगारांनी ‘खेकडा’ हे नाव दिले.

दाते नाकारल्याची किंमत लांबीत मोजावी लागते. ओस्पित्सिओ बर्निनापासून तिरानोपर्यंत १,८२४ मीटर उतरायचे आणि उतार मर्यादेत ठेवायचा, तर रूळ लांबवावे लागतात. म्हणून सुमारे ३८ किलोमीटर अंतरात ते वळत, परतत, पुन्हा वळत खाली येतात. ४५ मीटर त्रिज्येची वळणे इथे आहेत. आल्प ग्र्युम स्थानकाच्या खाली तर तेच खोरे एकदा डाव्या खिडकीत आणि एकदा उजव्या खिडकीत येते. याचा सगळ्यात स्पष्ट नमुना ब्रुसिओला आहे. तिथे खोरे एकदम खाली जाते आणि डोंगराच्या अंगाने वळसा घ्यायला जागाच नाही. मग अभियंत्यांनी वळसा मोकळ्या शेतात घातला. नऊ कमानींचा दगडी पूल गोल फिरतो, फिरताना हजाराला सत्तरने उतरतो, आणि गाडी पूर्ण वर्तुळ घेऊन आपल्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडते. गाडीला लाकडाचे ओंडके भरलेल्या वाघिणी जोडलेल्या असतील तर पुढचा डबा कमानीखाली आणि शेपूट अजून वरच, असे एकाच वेळी दिसते. बोगद्याने हेच काम भागले असते, जसे अल्बुलावर बेर्ग्युन आणि प्रेडाच्या दरम्यान डोंगराच्या पोटातल्या सर्पिल बोगद्यांनी भागवले आहे. पण मग प्रवाशाला अंधाराशिवाय काही दिसले नसते. खिंडीच्या माथ्यावरही तीच गोष्ट. अल्बुलाला ५,८६५ मीटरचा बोगदा पाडला गेला आणि २०२४मध्ये त्याच्या शेजारी नवा सुरू झाला. बर्निना मात्र लागो बियांको तळ्याच्या काठाने उघड्यावरून जाते. या माथ्यावर पाणी वाटले जाते: उत्तरेकडचे इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला, दक्षिणेकडचे आदा आणि पो नद्यांमधून एड्रियाटिकला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ही रेल्वे मुळात उन्हाळी पर्यटकांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधली गेली, खोऱ्यातल्या धरणांची वीज तिला मिळाली. मग तिला पर्यटकांची गाडी म्हणण्यात चूक काय? चूक एवढीच की गोष्ट तिथे थांबली नाही. पोस्कियावो खोरे स्वित्झर्लंडमध्ये असले तरी इटालियन बोलणारे आहे आणि उरलेल्या प्रांतापासून खिंडीने तुटलेले आहे. रेल्वे आली आणि हिवाळ्यातही ती चालली पाहिजे अशी निकड तयार झाली. १९१३ पासून ती टप्प्याटप्प्याने हिवाळ्यात चालू लागली, आणि उघड्यावरून नेलेल्या रुळांना बर्फाशी कायमची झुंज पत्करावी लागली. त्या झुंजीतले सर्वात विलक्षण यंत्र १९१० सालचे, ९२१३ क्रमांकाचे वाफेचे बर्फफेके. पुढच्या तोंडाशी भले मोठे पात्यांचे चाक, मागे बाष्पक. स्वतःच्या वाफेवर ते पुढे सरकते आणि त्याच वाफेवर चाक फिरवून बर्फ बाजूला उडवते. विजेच्या मार्गावर कोळशाचे यंत्र विसंगत वाटेल, पण हिमकड्याखाली वरची तार तुटली तर विजेचे यंत्र जागच्या जागी अडकते, हे अडकत नाही. ते अजून चालू स्थितीत जपले आहे. रोजचे काम आता नव्या यंत्रांकडे आहे, तरी शंभरी ओलांडलेले यंत्र चालवून दाखवणाऱ्या रेल्वेबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: बर्निना पाहायची तर शक्यतो साध्या गाडीने पाहावी. ‘बर्निना एक्स्प्रेस’ ही छतापर्यंत काच असलेल्या डब्यांची गाडी. तिला तिकिटाखेरीज सक्तीचे आरक्षण लागते आणि त्याचे शुल्क हंगामाप्रमाणे बदलते. त्याच रुळांवरून, त्याच दरीतून दर तासाला प्रादेशिक गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही आणि स्विस ट्रॅव्हल पास तिच्यावर जसाच्या तसा चालतो. एक्स्प्रेसच्या खिडक्या उघडत नाहीत, फोटोत आपलाच चेहरा उमटतो. साध्या गाडीला जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत काच खाली ओढता येते. कडक उन्हाळ्यात काही गाड्यांना बिनछताचे पिवळे डबेही जोडतात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मध्येच उतरता येते. आल्प ग्र्युमला उतरावे, पालू हिमनदी आणि खालचे अख्खे पोस्कियावो खोरे एका जागी उभे राहून पाहावे, आणि तासाभराने पुढची गाडी धरावी. काही छोट्या थांब्यांवर गाडी विनंतीनेच थांबते. फलाटावरचे किंवा डब्यातले बटण दाबायचे राहिले तर ती सरळ निघून जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वृद्ध आईवडील बरोबर असतील, सामान जड असेल, तर हे सगळे जमेल का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. एक्स्प्रेसमध्ये जागा हमखास मिळते, चढउतार एकदाच, आणि ज्यांना बसल्या जागी डोंगराचे शिखर पाहायचे आहे त्यांना छताची काच उपयोगी पडते. अशा कुटुंबाने आरक्षण करावे आणि ते वेळेत करावे. उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत जागा लवकर भरतात. पण दहा-बारा जणांचा गट असेल तर साध्या गाडीतही सगळ्यांना खिडकी मिळेल असे गृहीत धरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या गाड्यांना गर्दी असते. सकाळची लवकरची गाडी घेतली तर गर्दीही कमी आणि डोंगरावर ढग चढायच्या आत माथा ओलांडता येतो. सेंट मॉरिट्झहून निघताना उजवीकडे बसावे: मोर्तेराच हिमनदी, लागो बियांको आणि पालू सगळे त्याच बाजूला आहे. मोठ्या बॅगा मुक्कामाच्या हॉटेलात ठेवून एका पाठपिशवीवर जावे. तीत एक स्वेटर हवाच, कारण ओस्पित्सिओला भर जुलैतही बोचरा वारा असतो आणि तिरानोला त्याच दुपारी घाम येतो. नोव्हेंबरमध्ये बरीच हॉटेले बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत प्रवास सुंदर आहे, पण अंधार लवकर पडतो, तेव्हा परतीची गाडी दुपारी तीनच्या आधीची धरावी.

तिरानो इटलीत आहे याची सहल आखताना अनेकांना धास्ती वाटते. दोन्ही देश शेंगेन करारात असल्याने एकदाच प्रवेशाची परवानगी असलेल्या व्हिसावरही हरकत येत नाही; तरीही पासपोर्ट जवळ हवा, त्याची छायाप्रत पुरत नाही. तिरानोला गाडी रस्त्यावरून, वाहनांच्या बरोबरीने, मादोन्नाच्या देवळासमोरच्या चौकातून जाते; पुढे स्विस आणि इटालियन स्थानके एकमेकांच्या शेजारी आहेत. इथून मिलानला अडीच तासांत गाडी जाते आणि ती बराच वेळ कोमो तळ्याच्या काठाने धावते, म्हणून परतीचा तोच रस्ता धरायची सक्ती नाही. मात्र स्विस पास तिरानोपाशी संपतो. पुढचे तिकीट वेगळे काढावे, आणि ते कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. शाकाहारी माणसाची तिरानो आणि पोस्कियावोत उपासमार होत नाही. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटे, कोबी, चीज आणि लसणाची फोडणी दिलेले लोणी घालून केलेली पित्सोकेरी दोन्हीकडे मिळते.

या सगळ्या सूचनांत एक गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही. मोर्तेराच स्थानक उघडले तेव्हा हिमनदीचे टोक स्थानकाजवळ होते. आज ते गाठायला तासभर चालावे लागते, आणि वाटेवर कोणत्या साली बर्फ कुठपर्यंत होता हे दाखवणाऱ्या पाट्या लावल्या आहेत. हिमनदी मागे सरकते तसे तिने धरून ठेवलेले दगड-माती मोकळे होतात, आणि उघड्यावरून गेलेल्या रुळांना दरडींचे जास्त भय राहते; १९८७च्या जुलैतल्या पुराने पोस्कियावो गावाचे केलेले हाल तिथले लोक विसरलेले नाहीत. रूळ राखण्याचा खर्च वाढतच जाणार. तेव्हा सहलीत एक दिवस जास्त काढता येत असेल तर तो दुसऱ्या शहराला न देता मोर्तेराचला द्यावा: सकाळी उतरावे, पाट्या वाचत बर्फापर्यंत जाऊन यावे आणि दुपारच्या गाडीने पुढे आल्प ग्र्युम गाठावे. वाट फार चढाची नाही, पण पायात चांगले बूट असावेत आणि हिमनदीच्या टोकाला हात लावायला पुढे जाऊ नये. तिथला बर्फ कोसळतो.