सहा महिन्यांची मुदत

मुलाचे वृषण पहिल्यापासून कोशातच असतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते तयार होतात गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांजवळ. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेतून वाट काढत वृषणकोशात उतरतात. या वाटेवर त्यांना नेणाऱ्या पट्ट्याचे वर्णन लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७६२ मध्ये केले आणि त्याला नाव दिले ‘गुबर्नाक्युलम’. या लॅटिन शब्दाचा अर्थ सुकाणू.

हा प्रवास थंडाव्यासाठी. शुक्राणू घडायला शरीराच्या आतल्यापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. हत्तीचे वृषण जन्मभर पोटातच राहूनही काम करतात. माणसाचे तसे नाही.

पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत सुमारे तिघांचा एखादा वृषण जन्मावेळी उतरलेला नसतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण कितीतरी अधिक. ‘मोठा झाला की उतरेल’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा इथे खरा ठरतो, पण सहा महिन्यांपर्यंतच. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन काही काळ वाढते आणि मग ओसरते. बहुतेक वृषण याच अवधीत उतरतात, त्यानंतर क्वचितच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सहा महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

पुढे थांबण्याची किंमत मोठी असते. उबेत राहिलेल्या वृषणातल्या बीजपेशी घटत जातात. स्वीडनमधील सुमारे १७,००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट होते, त्यानंतर झालेल्यांत पाचपटींहून अधिक. म्हणूनच अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया सुचवली.

मात्र वर गेलेला प्रत्येक वृषण न उतरलेला नसतो. थंडीने किंवा भीतीने एक स्नायू आकसतो आणि वृषण वर ओढला जातो. डॉक्टरांनी ऊबदार हातांनी खाली आणल्यावर तो तिथेच टिकला, तर शस्त्रक्रिया लागत नाही. पण असा वृषण पुढे कायमचा वर सरकू शकतो, म्हणून वयात येईपर्यंत वर्षातून एकदा तपासणी हवी.

अंघोळ घालताना कोशाची एक बाजू नेहमी रिकामी दिसत असेल, तर संकोच बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना सांगावे. पहिल्या लसींच्या भेटीतच हे तपासून घेता येते.