भुलाबाई (वऱ्हाड)

भुलाबाई हा विदर्भ आणि खानदेश या भागांतील मुलींचा लोकोत्सव आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजेच कोजागरीपर्यंत, तो सुमारे एक महिना चालतो. वऱ्हाडातील अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशिम या जिल्ह्यांत तो प्रचलित आहे. मातीच्या मूर्तीची स्थापना, सायंकाळची गाणी व टिपऱ्या आणि ओळखायची खिरापत ही त्याची प्रमुख अंगे होत. घराची सजावट, पाककृती आणि संसारातील नात्यांची समज ही एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचविण्याचे कामही या उत्सवाने दीर्घकाळ केले आहे.

नाव व आख्यायिका

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा किंवा भुलोजी म्हणजे शंकर, असे मानले जाते. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले व शंकर त्या रूपाला भुलला, अशी लोककथा या नावाच्या मुळाशी सांगितली जाते. खानदेशात या देवतेला गुलाबाई असेही म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा याच प्रकारचा आहे. मात्र तेथे पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात, तर वऱ्हाडात मूर्तीसमोर गाणी म्हणतात.

मांडणी

कुंभाराकडून शंकर-पार्वतीची रंगविलेली मातीची मूर्ती आणली जाते. अनेक मूर्तींमध्ये पार्वतीच्या मांडीवर बाळ गणपती असतो. मूर्तीभोवती ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारतात. ज्वारी हे वऱ्हाडातील काळ्या जमिनीचे परंपरागत खरीप पीक असल्याने या मांडणीचा संबंध भूमीच्या सुफलतेशी जोडला जातो. मखर, रांगोळी व फुलांच्या माळा मुली स्वतः करतात. एका घरची सजावट दुसऱ्या घरच्या मुली रोज पाहतात. त्यामुळे नवी कल्पना काही दिवसांत संपूर्ण आळीत पसरते.

खिरापत

सायंकाळी मुलींचा घोळका क्रमाने प्रत्येक घरी जातो. गाणी संपल्यावर त्या घरची खिरापत ओळखावयाची असते. झाकलेला डबा हलवून त्याचा आवाज ऐकवितात. पदार्थ गोड की तिखट, ओला की कोरडा, असे प्रश्न विचारले जातात. खिरापत कोणालाही ओळखता आली नाही, तर तो यजमान घराचा मान समजला जातो.

या नियमामुळे पदार्थाच्या किमतीपेक्षा कल्पकतेला महत्त्व येते. फुटाणे, मुरमुरे, उकडलेल्या शेंगा किंवा गूळ-खोबरे असे साधे जिन्नसही चालतात. ते न ओळखण्याजोगे करणे हे कौशल्य ठरते. खिरापत वाटल्यावर ती कशी केली याची चौकशी होते आणि कृती मुलींबरोबर त्यांच्या घरी जाते. लिहून न ठेवलेल्या अनेक पाककृतींचा प्रसार अशा रीतीने झाला. कोजागरीच्या रात्री समारोप होतो. त्या वेळी काही ठिकाणी बत्तीस किंवा तेहतीस प्रकारच्या खिरापती करण्याची प्रथा आहे. एका घराला हे अवघड असल्याने अनेक घरे मिळून त्या करतात.

गाणी

भुलाबाईची गाणी मौखिक परंपरेतील आहेत. सासर व माहेर हा त्यांचा मुख्य विषय आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू प्रत्येक वेळी नवे काम पुढे करते, ही रचना अनेक गाण्यांत आढळते. नणंद-भावजयीचे रुसवे, दागिन्यांची हौस, बाळंतपण आणि भावाची वाट पाहणे हेही विषय येतात. मुलींची लग्ने लहान वयात होत असताना ही गाणी त्यांना पुढील आयुष्याची ओळख करून देत. माहेरवाशिणीला जे उघडपणे बोलता येत नसे, ते ती मैत्रिणींसह गाण्यातून बोलू शके. थट्टेच्या आवरणाखालील ही तक्रार हे या गाण्यांचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

बदलते स्वरूप

सोयाबीनचे क्षेत्र वाढल्यावर वऱ्हाडात ज्वारीचा पेरा घटला. त्यामुळे मखरासाठी धांडे मिळविणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. शाळेच्या परीक्षा, शिकवणी व सदनिकांतील राहणी यांमुळे महिनाभर घरोघरी फिरणे कमी झाले आहे. अनेक ठिकाणी महिला मंडळे एका दिवसाचा सामूहिक कार्यक्रम करतात. त्यामुळे गाणी टिकून राहण्यास मदत होते. मात्र रोज वेगळ्या घरात जाणे, तेथील सजावट पाहणे व खिरापत ओळखणे हा देवाणघेवाणीचा भाग त्यात मर्यादित राहतो.