अस्वलाचा फोटो आणि अस्वलाचं भलं

ताडोब्याला निघालेल्या पुणेकर हौशी छायाचित्रकाराची निम्मी तयारी बुधवार पेठेतच उरकते. मेमरी कार्ड, चार्जर, जादा बॅटऱ्या तापकीर गल्लीत आणि पक्षी-प्राण्यांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. डोक्यात अर्थातच वाघ असतो, अस्वल दिसलं तर तो वरचा नफा. तरी २०१८ मध्ये ताडोब्यातल्या मटकासुर नावाच्या वाघाला पिल्लूवाली अस्वलाची मादी कशी भिडली, ते मोबाइलवरून घरोघरी पोचलं आणि हा काळा, केसाळ, बेढब प्राणीही चर्चेत आला. या हौसेला एक समजूत चिकटलेली असते: आपण फोटो काढतो, लोक पाहतात, त्यांना कळवळा येतो आणि त्यातून जंगल वाचतं. माझ्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. फोटोमुळे प्राण्याला चाहते मिळतात. त्याचा जीव वाचायचा तर फोटो काढणाऱ्याला शिस्त लागते आणि प्राण्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं पोट सांभाळावं लागतं.

फोटोच्या बाजूने साक्ष द्यायची तर अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलांची द्यावी. ग्रँड टीटन परिसरातली ‘३९९’ क्रमांकाची मादी पिल्लांसह रस्त्याच्या कडेला वावरायची. थॉमस मँगेलसन यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी तिला जगप्रसिद्ध केलं. २०१८ मध्ये वायोमिंग राज्याने चाळीसहून अधिक वर्षांनी ग्रिझलीच्या शिकारीला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अस्वलप्रेमींनी गंमतच केली. बंदुकीऐवजी कॅमेरा चालवू म्हणत त्यांनी शिकारीच्या परवान्यांसाठीच अर्ज भरले आणि सोडतीत मँगेलसन यांचाही नंबर लागला. शिकार मात्र थांबली ती न्यायालयात, अस्वलांचं कायदेशीर संरक्षण काढताना सरकारने शास्त्रीय बाजू नीट तपासली नाही या मुद्द्यावर. आणि इतकी लाडकी ३९९ ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडीच्या धडकेने गेली. याउलट अलास्कातलं मॅकनील नदीचं अभयारण्य पाहा. तिथे सामन मासे खायला अस्वलांची जत्रा भरते, पण १९७३ पासून परवाने मोजके, तेही सोडतीने. दिवसाला जेमतेम दहा माणसं, सोबत रक्षक, ठरलेल्या जागा. इतक्या वर्षांत तिथे अस्वलाने एकाही पाहुण्याला जखमी केलेलं नाही. अस्वलं तीच, माणसाच्या वागण्याला मात्र वेसण आहे.

यावर कोणी म्हणेल, अलास्काचं उदाहरण विदर्भात काय कामाचं? तिथे वस्ती विरळ, इथे जंगलाला खेटून गावं. आक्षेप रास्त आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. मेळघाट, नवेगाव-नागझिरा, गडचिरोली, बुलढाण्याचं ज्ञानगंगा या पट्ट्यात अस्वलाची गाठ पर्यटकापेक्षा मोहफुलं वेचणाऱ्या बाईशी पडते. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात आणि पहाट फुटायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. तीच फुलं खायला त्याच वेळी अस्वलही आलेलं असतं. त्याची नजर अधू. वारूळ उकरून, नाकपुड्या मिटून, पुढच्या दोन दातांच्या फटीतून ते वाळवी ओढू लागलं की त्या आवाजात त्याला पावलंही ऐकू येत नाहीत. माणूस एकदम समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं आणि लांब नखांचे घाव बहुधा डोक्या-चेहऱ्यावर बसतात. असे घाव सोसलेल्या घरातल्या माणसाला अस्वलाचा सुंदर फोटो दाखवून काय साधणार? नाचणाऱ्या अस्वलांचा इतिहासही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही दरवेशी अस्वलं नाचवतच राहिले. वेसणीतल्या अस्वलांची विदारक चित्रं कित्येक वर्षं लोकांपुढे होती. पण २००९ मध्ये शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं, ते अस्वलं नाचवून पोट भरणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार उभा करून दिल्यावर.

दुसरा आक्षेप पैशाचा. छायाचित्रकार आले नाहीत तर गाईड, जिप्सीवाले, होमस्टेवाले खाणार काय? खरं आहे. पर्यटनाचा पैसा स्थानिकांपर्यंत न्यायला व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांची सोयही कायद्यात आहे. पण हा पैसा वाघामागे धावतो, आणि धावताना भान सोडतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पाच पिल्लांसह निघालेल्या वाघिणीची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. समोरून चालत येणाऱ्या प्राण्याच्या ‘हेड-ऑन’ फ्रेमचा हट्ट इथवर नेतो. अस्वलाच्या वाट्याला तर मोजणीतही उपेक्षाच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं टिपली. पट्ट्यांवरून वाघ एकेक ओळखता येतो. अस्वल सगळं काळंच, छातीवरची पांढुरकी खूण दर वेळी दिसेलच असं नाही. त्यामुळे त्याचा पक्का आकडा काढणं फार अवघड. हौशी माणसाचा फोटो इथे कामी येऊ शकतो. तारीख, जागा, सोबत किती पिल्लं ही माहिती वनखात्याला द्यावी, फेसबुकवर मात्र जागा सांगू नये.

म्हणून येत्या हंगामाचं बुकिंग करताना टूरवाल्याला ‘साइटिंग’ची हमी मागू नका. गाडी किती अंतरावर थांबवणार, गाईड कुठल्या गावचा, मुक्काम गावातल्या माणसाकडे आहे का, हे विचारा. उत्तर देताना तो चाचरला, तर दुसरा टूरवाला गाठा.