षड्ज सरकला, राग तोच

विलायतेत बीबीसीने 1963 साली 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथामालिका सुरू केली. तिचा नायक मरणाच्या दारी देह पालटतो. नट बदलतो, पात्र तेच राहते. बारा पुरुषांनंतर 2017 मध्ये जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीची निवड जाहीर झाली आणि चाहत्यांत दोन तट पडले. पूर्वीचे एक नायक पीटर डेव्हिसन हळहळले, मुलांचा आदर्श गेला म्हणून. दुसरे, कॉलिन बेकर, तिच्या बाजूने उभे राहिले.

आपल्याला यात नवल ते काय? 1911 साली 'मानापमाना'तील बालगंधर्वांची भामिनी पाहून घरंदाज स्त्रिया तसे लुगडे नेसू लागल्या. पुढे 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र कुलीन स्त्रीने रंगभूमीवर यावे का, हा वाद होताच!

वडील इंदूरच्या दरबारात काळी एकमध्ये गात ती चीज माझी शिष्या काळी चारमध्ये म्हणते. षड्ज सरकतो, राग हलत नाही. तिला वडिलांच्याच पट्टीत ओढले, तर मात्र गळा बिघडेल. डेव्हिसनांची हळहळ खोटी नव्हे; पण नव्या गळ्याला त्याची पट्टी द्यावी, बैठक पुरी ऐकावी, मग खुशाल नावे ठेवावीत.