फुटाला दोन सूत : अंतराळयानांच्या प्रतिकृतींचा छंद



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव वाचून आज बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर काहीतरी ऐकायला मिळेल, अशा समजुतीने जे आले असतील त्यांची मी प्रथमच क्षमा मागतो. गेली तीस वर्षे मी त्याच विषयांवर बोलत आलो आहे आणि उद्या सकाळी गेटवर पुन्हा त्यांवरच बोलणार आहे. आज मात्र माझ्या एका छंदाविषयी बोलण्याची परवानगी चालकांनी मला दिली आहे. मी अंतराळयानांच्या लहान प्रतिकृती तयार करतो. पन्नाशी उलटलेला युनियनचा माणूस रात्री दिव्याखाली बसून चॉकलेटची चांदी चुरगाळतो आहे, हे दृश्य हसू येण्यासारखेच आहे. माझे सहकारी हसले, घरची मंडळीही हसली. तेव्हा आपणही अवश्य हसावे; पण हा उद्योग काय आहे, तो कसा करतात आणि त्यातून काय हाती लागते, एवढे मला सांगू द्यावे.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढले शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यात झाले. हा छंद मला लावला तो आमच्या फाउंड्रीतल्या एका पॅटर्नमेकरने. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. ओतकामासाठी जो लाकडी नमुना लागतो, तो घडवणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून हा नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या लोकांची मोजपट्टीच वेगळी, जरा मोठ्या इंचांची असते. मापाशी असा जन्मभर संसार केलेला तो माणूस. पुढे कारखाना बंद पडला. आम्ही गेटसमोर मंडप घालून बसलो. दिवसभर घोषणा आणि भाषणे होत. पण हाताला काम नसलेला कारागीर किती लवकर खचतो, हे मी त्या मंडपात पाहिले. अण्णांनी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटीतून पट्टी आणि कानस काढली, जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि एका मासिकातल्या चित्रावरून चंद्रावर उतरलेले यान करायला घेतले. मी त्यांचा हेल्पर झालो.

आता मूळ विषयाकडे वळू. खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक काय? खेळण्यातले यान ‘यानासारखे’ असले म्हणजे पुरते. प्रतिकृती ही एका विशिष्ट यानाची, एका विशिष्ट दिवसाची असते. ‘अपोलोचे चांद्रयान’ एवढे म्हणून तिथे भागत नाही. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेले अपोलो-११चे ‘ईगल’ करायचे, असे आधी ठरवावे लागते. एकदा असे ठरवले, की पुढचा प्रत्येक प्रश्न खरा किंवा खोटा ठरवता येतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. या छंदात १:४८, १:७२, १:९६, १:१४४ असे आकडे येतात. नवख्या माणसाला ते विचित्र वाटतात. दहाच्या पटीत का नाहीत, असे तो विचारतो. त्याचे उत्तर फूट आणि इंचात आहे. एक फूट म्हणजे बारा इंच, आणि एक इंच म्हणजे आठ सूत. म्हणून १:९६ म्हणजे फुटाला एक सूत आणि १:४८ म्हणजे फुटाला दोन सूत. कोणत्याही सुताराला किंवा फिटरला हे तोंडी करता येईल. ईगलची उंची सुमारे २३ फूट होती. म्हणजे आपली प्रतिकृती ४६ सूत, अर्थात पावणेसहा इंच. पसरलेल्या पायांची रुंदी सुमारे ३१ फूट. ती झाली पावणेआठ इंच. शेजारी सहा फुटी माणूस उभा केला तर तो दीड इंचाचा. जेवणाच्या ताटात मावेल एवढे हे काम आहे. याच प्रमाणात ते यान वर नेणारा सॅटर्न-५ अग्निबाण करू म्हणाल, तर तो होता ३६३ फूट. प्रतिकृती साडेसात फुटांच्या वर जाईल आणि घरातल्या माणसांना बाहेर झोपावे लागेल! म्हणून अग्निबाणासाठी १:१४४, म्हणजे बारा फुटांना एक इंच, हे प्रमाण सोयीचे. त्यात तो सव्वातीस इंचांत बसतो.

दुसरा प्रश्न आकाराचा. हे चांद्रयान दिसायला ओबडधोबड आहे. चार पायांच्या कोळ्यावर कोणी वाकडी पेटी ठेवावी तसे. अण्णांनी ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा ते म्हणाले, “अरे, हे करणाऱ्याला गुण्या माहीत नव्हता काय?” परंतु करू लागल्यावर कळते, की त्यातली एकही रेघ उगीच नाही. हे यान हवेतून उडायचेच नव्हते, म्हणून त्याला निमुळते नाक नको. वजनाला तर इतकी किंमत होती, की कुठेही एक पौंडसुद्धा जास्त चालत नव्हता. सुमारे पंधरा टन वजनापैकी दोनतृतीयांशांहून अधिक वजन इंधनाचेच होते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज येथे ग्रमन कंपनीच्या कारखान्यात ते तयार झाले. टॉमस केली हे तिथले मुख्य अभियंते. वजन वाचवण्यासाठी तिथल्या लोकांनी खुर्च्याच काढून टाकल्या आणि अंतराळवीरांना उभे केले. उभा माणूस काचेच्या अगदी जवळ येतो, म्हणून खिडक्या लहान त्रिकोणी करता आल्या आणि जड काचेचे वजन वाचले. केबिनचा पत्रा काही ठिकाणी ०.३ मिलिमीटर इतका पातळ होता. आपल्या प्रमाणात त्याला ४८ने भागले, तर स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळण्याचा चांदीचा कागदही जाड ठरतो! म्हणून हुबेहूबपणाला कुठेतरी मर्यादा येते, हेही हा छंद पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

आता प्रत्यक्ष कृती. हत्यारे घरातलीच पुरतात : पोलादी पट्टी, कटर, बारीक कानस, पॉलिशपेपर, चिमटा आणि पांढरा डिंक. पायांसाठी अगरबत्तीच्या काड्या, नळ्यांसाठी बॉलपेनची रिकामी रिफिल, बारीक दांड्यांसाठी टाचण्या. बाजारात प्लॅस्टिकचे तयार संचही मिळतात. ते महाग असतात, पण सुटे भाग नीट निघतात. संच असो की पुठ्ठा, क्रम तोच. आधी छायाचित्रे गोळा करावीत. मग सगळे भाग डिंक न लावता एकमेकांवर बसवून पाहावेत. जिथे सांध्यात उजेड दिसेल, तिथे कानस चालवावी. जे भाग जोडल्यावर ब्रश पोचणार नाही, ते आधी रंगवावेत. रंगाचे एक जाड पूट देण्यापेक्षा तीन पातळ पुटे द्यावीत, आणि फार चकचकीत रंग वापरू नये. लहान वस्तूवरची चकाकी तिला ताबडतोब खेळणे करून टाकते. मी घाईत एकदा आतली पट्टी वाकडी चिकटवली आणि म्हणालो, “जाऊ द्या अण्णा, आत कोण बघणार?” ते म्हणाले, “बघायला कोणी नको. उद्या झाकण बसणार नाही, तेव्हा कळेल तुला.” झाकण खरोखरच बसले नाही.

यानंतर येते बारीकसारीक तपशील भरण्याचे काम. खरी गोडी इथे आहे. ईगलच्या खालच्या भागावर जो सोनेरी कागद दिसतो तो सोन्याचा नव्हे. कॅप्टन नावाच्या पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला मागून अ‍ॅल्युमिनियमचा थर दिला, की तो तसा दिसतो. उन्हापासून आणि थंडीपासून यानाचे रक्षण करण्यासाठी असे अनेक पापुद्रे एकावर एक घातलेले असत. ते सपाट ठेवले तर एकमेकांना चिकटून उष्णता पलीकडे पोचवतात. म्हणून कामगार ते हाताने चुरगाळून मग बसवत. बंधूंनो, मी चॉकलेटची चांदी चुरगाळतो ती केवळ शोभेसाठी नव्हे. खऱ्या यानावरही माणसाचा हात तेच करत होता.

दुसरा तपशील पायांचा. पायाखालच्या तबकडीपासून खाली सुमारे साडेपाच फुटांचा एक बारीक गज लोंबत असे. तो जमिनीला टेकला की आत दिवा लागे आणि इंजिन बंद करायचे. आपल्या मापाने हा गज अकरा सुतांचा, म्हणजे एक टाचणी पुरते. पण ईगलला असे गज तीनच होते. शिडी असलेल्या पुढच्या पायाचा गज काढून टाकला होता. वाकून वर आलेला गज उतरणाऱ्या माणसाच्या पोशाखाला लागेल, ही भीती होती. चार टाचण्या लावल्या की तुमचे ईगल चुकले! तसेच शिडीचे. पायांच्या आत धक्का शोषून घेण्यासाठी मधाच्या पोळ्यासारखा चेपणारा अ‍ॅल्युमिनियमचा भाग होता. ईगल इतके अलगद उतरले, की तो फारसा चेपलाच नाही आणि शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून बरीच उंच राहिली. म्हणून पाय दाबलेले दाखवू नयेत. यानाखाली धुळीचा ढीगही करू नये. तिथे हवा नाही. इंजिनाच्या झोताने उडालेली धूळ घोटाळत न राहता दूर जाऊन पडली आणि पायांच्या तबकड्या जवळजवळ स्वच्छ राहिल्या.

छापील नकाशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, याचे उदाहरण सॅटर्न-५चे. जुन्या काही संचांच्या रंगपत्रिकेत पहिल्या टप्प्याच्या मध्यभागी मोठा काळा पट्टा दाखवलेला असे. तसा पट्टा होता खरा. पण तो मे १९६६ मध्ये तळावर जुळवाजुळव पाहण्यासाठी उभ्या केलेल्या, कधीच न उडालेल्या अग्निबाणावर. काळा रंग उन्हात तापतो, म्हणून पुढे उडालेल्या अग्निबाणांवर तो भाग पांढरा ठेवला. कागदावर छापले आहे म्हणून ते खरे मानू नये, ही गोष्ट करारपत्रे वाचताना मी शिकलो होतोच; छंदाने ती पक्की केली.

आपण विचाराल, यातून कामगार चळवळीच्या माणसाला काय मिळाले? चंद्रावर कोण गेले, असे विचारले तर शाळकरी मूलही आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांची नावे सांगेल. पण दीड इंचाच्या माणसाला पोशाख रंगवताना मी तो पोशाख कोणी शिवला हे शोधू लागलो. डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी, एरवी स्त्रियांची अंतर्वस्त्रे तयार करणाऱ्या कंपनीत, शिलाई यंत्रांवर बसणाऱ्या बायकांनी तो शिवला. टाका सुताच्या आठव्या भागाइतकाही सरकून चालत नसे. पोशाख फाटला तर आतला माणूस मरणार. यानाच्या संगणकाची कायमची स्मृती मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम येथे बायकांनी अक्षरशः विणली होती. तार चुंबकीय कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. यंत्राच्या मेंदूतले गणित असे बोटांनी ओवलेले होते. संपूर्ण अपोलो योजनेवर सुमारे चार लाख माणसांनी काम केले असे सांगतात. त्यांची नावे सांगणारे पुस्तक मला मिळाले नाही. त्यांचे काम मात्र मला सुतासुताने मोजावे लागते.

आणि त्यांचेही काम एक दिवस थांबले. १९७० साली पुढच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. १९७२च्या डिसेंबरनंतर आजवर चंद्रावर माणूस उतरलेला नाही. तयार झालेली आणि अर्धवट राहिलेली काही चांद्रयाने संग्रहालयांत गेली. त्यांतले तेरा क्रमांकाचे यान आज लाँग आयलंडवरच्याच एका संग्रहालयात उभे आहे. ज्या बेटावर ते जन्मले, त्याच बेटावर. त्याचे छायाचित्र मी अण्णांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “माझ्या बाकावर पण एक पॅटर्न तसाच राहिलाय. वरचा अर्धा झाला होता.” आमच्या कारखान्याची थकलेली देणी पुढे मिळाली, पण ती घ्यायला अण्णांच्या पत्नी आल्या. त्यांनीच मला त्यांची पट्टी दिली. तिचे इंच मोठे असल्याने प्रतिकृतीसाठी ती निरुपयोगी आहे. मी ती टेबलावर ठेवतो.

मुलांचा खेळ म्हणून या छंदाला कोणी हिणवू नये. २३ ऑगस्ट २०२३ला आपले विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. त्यालाही चारच पाय आहेत आणि त्याची प्रतिकृती पुठ्ठ्याची उत्तम होते. आपल्या अग्निबाणांची विकास इंजिने विक्रोळीला तयार होतात, त्यांची पोलादी कवचे वालचंदनगरला. म्हणजे तुमच्या प्रतिकृतीतला एखादा भाग ज्याने खरोखर घडवला, तो माणूस कदाचित तुमच्याच लोकलमध्ये किंवा एस.टी.त शेजारी बसलेला असेल. त्याला विचारा. नकाशात न सापडणारा तपशील त्याच्याकडे नक्की असेल, आणि तो आजवर कोणी विचारलेला नसेल.

सुरुवात करायची असेल तर फार सामान आणू नका. एक पुठ्ठा, एक पट्टी आणि एक छायाचित्र घ्या. फुटाला दोन सूत हे माप लक्षात ठेवा. आणि झाकण लावण्यापूर्वी आत एकदा पाहा.