लिफ्ट उठत नाही म्हणजे पंप गेला?



'हायपोथेसिस'ची व्याख्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मुलाखतीसाठी पाठ केली असेल. आज ती वापरून बघू, तीही जुन्या ट्रॅक्टरवर.

जामनेरसारख्या काळ्या, कपाशीच्या जमिनीत वाफसा कुणासाठी थांबत नाही. ऐन पेरणीत लिफ्ट बसली की घाईघाईने निदान होतं, 'पंप गेला'. मॅसी फर्ग्युसन ३५सारख्या ट्रॅक्टरमध्ये हे निदान महाग पडतं. पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो. वरचं लिफ्ट कव्हर उतरवून, पीटीओचा शाफ्ट मागे ओढल्याशिवाय तो हाती लागत नाही. म्हणून उघडण्याआधी विचारायचं: माझं म्हणणं खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?

आधी रचना समजून घ्या. ही पद्धत हॅरी फर्ग्युसन यांची. १९४६पासून बनलेल्या टीई२० ट्रॅक्टरमध्येही ती होती. चार पिस्टनचा पंप पीटीओ शाफ्टवर फिरतो, आणि कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. त्यामुळे पहिली तपासणी फुकटची आहे: पीटीओचा दांडा गुंतलाय का, ऑइलची पातळी बरोबर आहे का?

त्यानंतर उरतात तीन शक्यता.

१. पंप झिजलाय. फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट! ऑइल तापून पातळ झालं की ती आणखी वाढते. म्हणजे लिफ्ट थंडीत चालेल, तापल्यावर दम सोडेल. इंजिन मंद असताना जास्तच, कारण पंपाचा पुरवठा कमी होतो.

२. ओढीची जाळी चोंदलीये. इथे उलटं होईल. घट्ट, थंड ऑइल जाळीतून नीट ओढलं जात नाही. तापल्यावर लिफ्ट सुधारते.

३. गळती पुढे, दाबाच्या बाजूला आहे: सिलिंडरच्या रिंगा, उभ्या पाइपच्या ओ-रिंगा. अवजार उचलून इंजिन बंद करा. ते भराभर खाली आलं तर पिस्टनची झीज हे पुरेसं उत्तर नाही. इंजिन चालू असताना मात्र पंप तूट भरून काढतो आणि लिफ्टचे हात उचकी लागल्यासारखे हलत राहतात. (उचललेल्या अवजाराखाली हात-पाय घालायचा नाही, आधाराशिवाय तर मुळीच नाही.)

मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या ट्रॅक्टर चाचणी केंद्रातही भार उचलून ठेवतात आणि ठरावीक वेळाने तो किती खाली आला ते मोजतात. आपल्या शेतात हेच पट्टी आणि घड्याळ घेऊन करता येतं.

मुद्दा लक्षात आला का? 'लिफ्ट उठत नाही' हे निरीक्षण तिन्ही शक्यतांना सारखंच बसतं, म्हणून ते एकटं काहीच सिद्ध करत नाही. 'तापल्यावर काय होतं?' हा प्रश्न मात्र पहिल्या दोघांना वेगळं करतो. आणि दोन बिघाड एकत्रही असू शकतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. ऑइल, जाळी आणि पंप एकदम बदलले तर लिफ्ट उठेल, पण कशामुळे उठली ते कळणार नाही. पुढच्या हंगामात पुन्हा अंदाजच.

तुमच्या प्रस्तावातही हे करून बघा. वहीत दोन रकाने पाडा: डावीकडे शक्यता, उजवीकडे ती खरी असेल तर दिसणारी, पण दुसरी खरी असेल तर न दिसणारी गोष्ट. उजवा रकाना रिकामा राहिला, तर प्रयोग अजून ठरलेला नाही. गाइडकडे जाण्याआधी तो भरा.