दीड लिटर पाण्याएवढी लेन्स

आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा रवा-साखरेसाठी आहे. एका रविवारी सकाळी मी त्यावर कॅमेऱ्याच्या तीन लेन्स ठेवल्या, तेव्हा सौभाग्यवती दारात उभ्या राहून पाहत होत्या. आकडा २ किलो ९०० ग्रॅमच्या पुढे गेला. ‘‘एवढी तूरडाळ आपल्याला महिनाभर पुरते,’’ असं म्हणून त्या कणीक मळायला वळल्या.

ही वजनं करायची वेळ आणली राजगडाने. आदल्याच आठवड्यात भाच्याबरोबर गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेने गडावर गेलो होतो. निघताना सॅक बंद होईना, म्हणून दोन बाटल्यांपैकी पाण्याची एक काढली आणि तिच्या जागी टेलिफोटो बसवली. बँकेत उभी हयात तारण तपासून कर्जं मंजूर केली. पण इथे आपण स्वतःलाच तारण ठेवतो आहोत, हे काही लक्षात आलं नाही. शेवटच्या खड्या कातळात घशाला कोरड पडली, पाय लटपटू लागले. भाच्याने काही न बोलता त्याची बाटली पुढे केली. पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा अंगात एवढंही त्राण नव्हतं की ती टेलिफोटो बाहेर काढावी.

काट्यावर त्या एकट्या लेन्सचं वजन भरलं जवळजवळ दीड किलो. म्हणजे दीड लिटर पाणी!

मग मी जरा अभ्यासाला लागलो. लेन्स जड होते ती मुख्यतः तिच्या मोठ्या छिद्रामुळे, म्हणजे अ‍ॅपर्चरमुळे. कमी उजेडात जास्त प्रकाश आत घ्यायचा तर काच मोठी लागते, आणि मोठी काच म्हणजे वजन. पण डोंगरदऱ्यांचं चित्र आपण सहसा दिवसाउजेडी काढतो. पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सारं स्पष्ट यावं म्हणून छिद्र मुद्दाम लहान करतो, एफ ८ किंवा एफ ११ वर ठेवतो. मग एफ २.८ चे पैसे आणि ओझं कशासाठी? कॅननच्या २४-१०५ मिलिमीटरच्या दोन लेन्स पाहा. एफ ४ वाली ७०० ग्रॅमची आहे. एफ ४ ते ७.१ वाली ३९५ ग्रॅमची. दृश्याचा आवाका तोच, वजनात ३०५ ग्रॅमचा फरक. मात्र हलक्या लेन्सला पावसापासून संरक्षण नाही, हा खर्चही ताळेबंदात धरायला हवा. पावसाळी ट्रेकला मी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतो, आणि घरी आल्यावर तिला सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवतो. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशी चढायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न आवाक्याचा. नवशिक्याला वाटतं, मोठा देखावा म्हणजे वाईड अँगल हवीच. पण फार रुंद लेन्समध्ये लांबचा डोंगर वारुळाएवढा दिसतो. ती खुलते ती समोर काही असलं तर. फुलांचा गालिचा, तटबंदीचा चिरा, तळ्याचा काठ. एकामागे एक उभ्या राहिलेल्या सह्याद्रीच्या रांगा पकडायच्या तर ७० ते १०० मिलिमीटरच बऱ्या. जाणते लोक सांगतात की झूम नको, एकाच मापाची छोटी लेन्स घ्या आणि दोन पावलं पुढे सरका. सल्ला चांगला आहे, पण कड्यावर दोन पावलं पुढे म्हणजे थेट दरीत! तिथे झूमच बरी. वाऱ्यात, धुक्यात लेन्स बदलण्याची यातायातही वाचते. आणि हे आकडे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहेत. लहान सेन्सर असेल तर बहुतेक कंपन्यांत दीडपटीचा हिशेब धरावा. १६ ची लेन्स तिथे २४ सारखं दृश्य देते.

गेलन रोवेल या अमेरिकन गिर्यारोहक छायाचित्रकाराची आठवण होते. १९८१ मध्ये ल्हासाला त्याला इंद्रधनुष्य दिसलं. ते पोताला राजवाड्याच्या नेमकं वर यावं म्हणून तो साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर धावत सुटला, आणि ते चित्र जगभर गाजलं. तो हलका ३५ मिलिमीटरचा कॅमेरा वापरत असे. पाठीवर माझी सॅक असती तर बिचारा धावला असता का?

मी शेवटी दोनच लेन्स ठेवल्या : ती ३९५ ग्रॅमची झूम, आणि १६ मिलिमीटर एफ २.८ ची १६५ ग्रॅमची चिमुकली, रात्रीच्या चांदण्यांसाठी. दोन्ही मिळून ५६० ग्रॅम.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा राजगड गाठला. संध्याकाळी संजीवनी माचीवर बसलो असताना ढगातून उन्हाची एकच तिरीप तोरण्याच्या माथ्यावर उतरली. १०५ मध्ये ती नखाएवढी दिसत होती. टेलिफोटो असती तर! चुटपुट लागली, खोटं कशाला सांगू? कॅमेरा मांडीवर ठेवला आणि ऊन विझेपर्यंत नुसता पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उतरताना भाचा घामाघूम झाला होता. त्याने काही मागितलं नव्हतं, तरी मी थांबलो आणि माझी दुसरी बाटली काढून त्याच्या हातात दिली. ती पूर्ण भरलेली होती.